दादामियाँच्या खोलीची भिंत

इन्स्पेक्शन हा शब्द कानावर पडला की मुमताजचा हात आपोआप साबणाकडे जायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टरांतच संसार केला होता. क्वार्टर बदलायचं म्हटलं की ऑफिसातून साहेब यायचा, हात पाठीमागे बांधून भिंतींवरून नजर फिरवायचा आणि खिळ्याचं एक भोक जरी दिसलं तरी चष्मा कपाळावर चढवायचा. त्यामुळे मुमताजच्या घरात खिळा नावाची वस्तूच नव्हती. कॅलेंडर कपाटाच्या दाराला चिकटपट्टीनं लावलेलं, कपड्यांची दोरी खिडकीच्या गजांना. तरी कुठं चुकून भोक पडलंच, तर त्यात साबण घासून भरायचा. ओल फुटली असेल तर खडूची भुकटी डिंकात कालवायची, ओलीवर पातळ हात फिरवायचा आणि वारा घालत बसायचं. यात तिचा हात असा काही बसला होता की शेवटच्या बदलीच्या वेळी साहेबानं विचारलं होतं, "इथं कुणी राहत होतं की नाही?" एवढं मोठं सर्टिफिकेट मुमताजला जन्मात दुसरं मिळालं नव्हतं.

आणि अशा बाईला तिचा नवरा मंगळवारी जेवताना काय सांगतो? "परवा वारज्याला इन्स्पेक्शन आहे. इंजिनिअर येईल. सगळं ठीक असलं की तुझी सही, मग किल्ली." बस्स! इम्तियाज पहिल्यापासून असाच, शब्द रेशनवर मिळत असल्यासारखा बोलायचा. कोण कुणाचं इन्स्पेक्शन करणार, हे सांगायला अजून दोन शब्द लागले असते. तेवढे त्यानं वाचवले आणि ताट उचलून मोरीत ठेवलं.

बुधवारी सकाळी मुमताज कुणाला न सांगता बसनं वारज्याला गेली. पिशवीत केरसुणी, फडकी, साबण, डिंक आणि खडू. झाडून घेते म्हणाली, तर वॉचमननं दार उघडून दिलं.

घर पुरं झाल्यावर ती पहिल्यांदाच बघत होती. आधी पाहिलं तेव्हा नुसते खांब होते आणि इम्तियाज हवेत बोट दाखवून "हा हॉल, हे किचन" करत होता. आता तिनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि तिथंच उभी राहिली. या अल्लाह! एवढा उजेड घरात असतो? चारही खोल्यांत दिवा न लावता सगळं दिसत होतं. किचनमधला नळ सोडला, तर चौथ्या मजल्यावर पाणी असं धो धो आलं की तिनं घाबरून बंदच केला. मग पुन्हा सोडला आणि पुन्हा बंद केला. शेवटी ती हॉलच्या मधोमध मांडी घालून बसली आणि हसली. एकटीच. आवाज घुमला तेव्हा लाजली आणि उठून झाडायला लागली.

खिडकीतून डोंगर दिसणारी ती छोटी खोली दादामियाँची ठरली होती. दादामियाँ म्हणजे इम्तियाजचे वडील. जन्म दारूगोळ्याच्या कारखान्यात गेला, तिथल्या भुकटीनं छाती पोखरली. खडकीचं क्वार्टर ओलं, पावसाळा आला की त्यांचा दमा उठायचा. या पोकळ छातीसाठी कोरडी हवा हवी म्हणून तर गावाच्या या टोकाला घर घेतलं होतं. आणि नेमक्या त्याच खोलीत, बाथरूमच्या बाजूच्या भिंतीवर, परातीएवढा ओलसर डाग होता. पिवळट, कडेनं फुगलेला.

मुमताजनं डागावर तळवा टेकवला. आता साहेब बघणार. आता नापास. आता हे घर आपल्याला देणार नाहीत.

तिनं पदर खोचला आणि डिंक भिजत घातला.

गुरुवारी दोन रिक्षा करून मंडळी आली. पहिलीत इम्तियाज आणि दादामियाँ. दादामियाँच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं गाठोडं होतं, ते त्यांनी कुणाला धरू दिलं नाही. दुसरीत मुमताज आणि तिची लेक सलीमा. सलीमा विम्याच्या कचेरीत होती, तोंडानं तिखट, आणि तिथल्या सुनीती नावाच्या मैत्रिणीनं दोन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतल्यामुळे या विषयातली स्वयंघोषित वकील. फाटकाशी बेगमआपा आधीच येऊन थांबल्या होत्या. या इम्तियाजच्या थोरल्या बहीण, नाना पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या.

बेगमआपा आणि मुमताज यांचं मागच्या ईदपासून बोलणं बंद होतं. आपा शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवून "जळका लागतोय" म्हणाल्या होत्या आणि मुमताजनं त्यांच्यादेखत अख्खं पातेलं उचलून शेजारी देऊन टाकलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगत.

"सलीमा, तुझ्या अम्मीला सांग, इमारतीला लिफ्ट आहे म्हणत होतात ना तुम्ही? मी चार मजले चढून येणार नाही," आपा म्हणाल्या.

"सलीमा, फुफीला सांग, लिफ्ट समोरच आहे. चष्मा घाला म्हणावं," मुमताज म्हणाली.

दारात श्रीनिवास उभा होता. बिल्डरचा साइट इंजिनिअर, तिशीचा, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर शिव्या खायची तयारी. त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थानं त्याला फरशीवर आडवं झोपायला लावून उतार दाखवला होता. आता याही मंडळींत एक तरुण मुलगी पर्समधून नाणं, गोटी आणि खडू काढताना दिसली आणि त्यानं मनात देवाचं नाव घेतलं.

पण दादामियाँ उंबऱ्याशीच अडले होते. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, टोपी सारखी केली. मग उजवा पाय आत ठेवून "बिस्मिल्ला" म्हणाले आणि मान वर करून छताकडे बघत राहिले. माणूस आकाशाकडे बघतो तसे, तोंड थोडं उघडं.

"काय बघताय अब्बा?" इम्तियाजनं विचारलं.

"पत्रा नाही."

"स्लॅब आहे अब्बा. वर अजून तीन मजले आहेत."

"म्हणजे पाऊस वाजणार नाही," दादामियाँ म्हणाले आणि भिंतीला हात लावत लावत पुढं निघाले. प्रत्येक खोलीच्या दारात थांबायचे, इम्तियाजकडे वळून विचारायचे, "ही पण आपली?" इम्तियाज म्हणायचा, "ही पण." किचनला विचारलं, बाल्कनीला विचारलं, एवढंच काय, भिंतीतल्या कपाटालाही विचारलं. चौथ्या वेळी इम्तियाजनं नुसती मान हलवली. आपल्या बापाला आपण काहीतरी दाखवू शकलो, हे सुख त्याला साठाव्या वर्षी मिळत होतं. त्याला जोरात ओरडावंसं वाटलं. तो खाकरला आणि खिडकीची कडी बघायला लागला.

इकडे सलीमाचा तपास चालू झाला. तिनं नाण्यानं फरशा वाजवल्या. पोकळ वाजेल तिथं खडूनं फुली मारायची होती, पण फुली मारायला एकच जागा मिळाली. गोटी सोडली, ती जायची तिकडं गेली. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं, ते मुकाट्यानं जाळीत उतरलं. दारं लागत होती. खिडक्या सरकत होत्या. काचेवर चुन्याचा एक शिंतोडासुद्धा नव्हता.

"कमाल आहे," सलीमा म्हणाली. तिचा चेहरा थोडा पडलाच होता. "सुनीतीच्या फ्लॅटमध्ये तर जिथं हात लावावा तिथं काहीतरी निघत होतं. इथं एक बिजागरी कुरकुरतेय, एक फरशी पोकळ आहे, संपलं!"

"आमचं कामच तसं असतं मॅडम," श्रीनिवास म्हणाला, पण तोही चकितच झाला होता. इतका लख्ख फ्लॅट त्यानं या इमारतीतच काय, दुसरीकडेही पाहिला नव्हता. तो भिंतीवरून हात फिरवून बघत होता आणि आपलंच काम त्याला ओळखू येत नव्हतं.

बेगमआपा बाल्कनीत उभ्या होत्या. लांब सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा दिसत होता, मधे उन्हात शेतं आणि अर्धवट इमारती. नाना पेठेतल्या त्यांच्या खिडकीतून समोरच्या बाईच्या कढईत काय शिजतंय ते दिसायचं. त्यांना एकदम भरून आलं. आपल्या आईला हे दिसायला हवं होतं, असं वाटलं. तोंडानं त्या म्हणाल्या, "हवा बरी आहे."

मुमताज किचनच्या ओट्याला टेकून हे सगळं ऐकत होती आणि मनातल्या मनात फुलत होती. एकही दोष नाही म्हणतायत! साहेब खूश, लेक खूश. पास झालो आपण. कालच्या कामानं खांदे अजून दुखत होते, पण त्या दुखण्यातही तिला गोड वाटत होतं. कुणी विचारलं असतं तर तिनं हसत सांगितलंही असतं. कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात आपा आत आल्या आणि सलीमाला म्हणाल्या, "एवढं काय गं ठोकून ठोकून बघतेस? लग्नाला मुलगी बघायला आल्यासारखं. दोष काढले तर तो घर देईल का?"

"अहो फुफी, उलटं आहे!" सलीमा हसली. "तो आपलं नाही, आपण त्याचं इन्स्पेक्शन करतोय. जितके दोष आपण आत्ता दाखवू, तितके त्याला दुरुस्त करून द्यावे लागतील. सही केली की संपलं. मग हे लोक फोनसुद्धा उचलत नाहीत. सुनीतीनं सही आधी केली, नंतर बघू म्हणाली. दोन पावसाळे झाले, तिच्या बेडरूमची भिंत अजून गळतेय. लहान मुलीला घेऊन बिचारी हॉलमध्ये झोपते."

मुमताजच्या हातातला पाण्याचा पेला ओट्यावर टेकला तो टेकलाच. तिला आधी नीट कळलं नाही. मग कळलं. आणि कळलं तसं पायाखालची ती लख्ख फरशी कुठल्या कुठं गेली.

आपण त्याचं इन्स्पेक्शन करतोय. म्हणजे तो डाग दाखवायचा होता! बोट दाखवून दाखवायचा होता. आणि आपण तो डिंक-खडूनं असा झाकला की खुद्द इंजिनिअरला दिसला नाही. दादामियाँच्या उशाशी ओल ठेवली आपण. सासऱ्याच्या उशाशी. ज्यांच्या छातीसाठी हे घर, त्यांच्याच.

ती हॉलमध्ये आली. सांगून टाकावं. पण कसं? समोर बेगमआपा उभ्या. ज्या बाईनं जळक्या खुर्म्यावरून ईद कडू केली, ती यावरून काय काय करेल? नातेवाइकांत वर्षानुवर्षं ही गोष्ट फिरेल. आमच्या मुमताजनं काय केलं ठाऊक आहे का, नव्या घराचे दोष लिंपून ठेवले! आणि इम्तियाज खिडकीपाशी असा उभा होता, की इतका ताठ ती त्याला फार दिवसांनी बघत होती.

श्रीनिवासनं खिडकीच्या कट्ट्यावर कागद पसरला. "बिजागरी आणि फरशी उद्याच करून देतो. इथं सही करा, किल्ल्या घेऊन जा. मालकीण कोण?"

सगळ्यांनी मुमताजकडे बघितलं. घर तिच्या नावावर घ्यायचं दादामियाँनीच ठरवलं होतं. तेव्हा बेगमआपांनी भुवया चढवल्या होत्या, पण म्हाताऱ्यानं ऐकलं नव्हतं. "आम्हा बापलेकांची नावं फॅक्टरीच्या हजेरीत खूप लागली. घराला हिचं नाव लागू दे. ते हिनंच चालवलंय." मुमताजला ते ऐकून रडू आलं होतं, पण खरं कधी वाटलं नव्हतं. आजही ती या घराला क्वार्टरच म्हणत होती.

"ये," इम्तियाज म्हणाला. "पेन घे."

पेन तिच्या हातात आलं आणि आतल्या खोलीतून दादामियाँची हाक आली. "इम्तियाज! कुठं ठोकू सांग!"

सगळे तिकडं वळले. दादामियाँनी गाठोडं सोडलं होतं. चादरीत लंबकाचं मोठं घड्याळ होतं. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या मित्रांनी दिलेलं. क्वार्टरात खिळा ठोकायचा नाही, म्हणून ते इतकी वर्षं कपाटावर भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं. आणि लंबकाचं घड्याळ टेकवून ठेवलं की चालत नाही, ते सरळ टांगावंच लागतं. त्यामुळे मिळाल्या दिवसापासून ते बंदच होतं. दादामियाँ दर शुक्रवारी त्याची काच पुसायचे. चावी कधी द्यावी लागली नाही.

आता त्यांच्या एका हातात हातोडी होती, दुसऱ्या हातात खिळा. चेहरा असा उजळला होता की मुमताजला बघवेना. "पलंग इथं राहील," ते म्हणाले, "म्हणजे घड्याळ समोर. पडल्या पडल्या दिसेल." आणि त्यांनी खिळा भिंतीला टेकवला. बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला.

"ठोकू नका!" मुमताज किंचाळली.

क्षणभर सगळे दचकले. मग सगळे हसले. अगदी श्रीनिवाससुद्धा.

"अगं, क्वार्टर नाही हे!" इम्तियाज हसत म्हणाला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपलं घर आहे. शंभर खिळे ठोकू. कुणाच्या बापाची भीती आहे?"

"अम्मी, तीस वर्षांची सवय गं तुझी," सलीमा म्हणाली आणि तिनं आईला जवळ घेतलं.

"ठोका अब्बा," आपा म्हणाल्या. "हिच्याकडे लक्ष देऊ नका."

हातोडी वर गेली. मुमताजनं सलीमाचा हात झटकला, पुढं झाली आणि सासऱ्यांच्या मनगटाला धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तो तिनं सावरलाही नाही.

"सवयीनं नाही म्हणत," ती म्हणाली. "ही भिंत ओली आहे. मी झाकलीय. काल येऊन मीच झाकलीय."

हसणं थांबलं.

"झाकलीय म्हणजे?" इम्तियाजला कळेना.

"डिंक आणि खडू. क्वार्टर सोडताना करायचे तशी. तुम्ही म्हणालात इन्स्पेक्शन आहे. मला वाटलं, साहेबाला डाग दिसला तर आपल्याला घर देणार नाहीत." ती भराभर सांगत सुटली. "सगळं घर मीच पुसलं. खिडक्यांवरचे चुन्याचे शिंतोडे ब्लेडनं काढले. फरशीच्या फटी भरल्या. किचनच्या ओट्याला मागं चीर आहे, त्यात साबण आहे. दाराच्या चौकटीला आहे. तुम्ही मघापासून वा वा करताय ना, ते बिल्डरचं काम नाही हो, माझं आहे."

श्रीनिवास आळीपाळीनं भिंतीकडे आणि मुमताजकडे बघत राहिला. सलीमानं दोन्ही हात डोक्याला लावले. "अम्मी! अगं अम्मी, काय केलंस हे! आत्ता सही झाली असती म्हणजे?"

आणि इम्तियाजच्या एकदम ध्यानात आलं, की आपण तिला काहीच सांगितलं नव्हतं. परवा जेवताना दोन वाक्यं बोललो होतो. त्या आधीच्या सगळ्या वर्षांतही बहुधा दोनदोनच. त्याला राग यायला हवा होता, पण आली ती लाजच.

बेगमआपा पुढं आल्या. मुमताजनं डोळे मिटून घेतले. आता सुटणार होता तो तोफखाना. आपांनी मात्र हातातल्या बाटलीतलं पाणी बोटाला लावलं आणि ते बोट भिंतीवर चोळलं. पांढरा लेप ओला होऊन उतरला आणि खालून पिवळट, फुगीर डाग दिसायला लागला. आपांनी बोट डोळ्यांजवळ नेलं. लेपाची कड शोधायला पुन्हा भिंतीवरून हात फिरवला, तर कड सापडेना. डाग कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते, हे त्यांना हाताला कळेना.

"दुल्हन," त्या म्हणाल्या. भावाच्या बायकोला त्या अजूनही दुल्हनच म्हणत. पण मागच्या ईदपासून ही हाक घरात ऐकू आली नव्हती. "दुल्हन, हे तू एकटीनं केलंस? एका दिवसात?"

मुमताजनं मान हलवली.

"काय हात आहे गं तुझा!" आपा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच नव्हता. मुमताजनं डोळे उघडून खात्री करून घेतली. "माशाअल्लाह. डोकं नाही, पण हात आहे."

इतकं झाल्यावर कुणाला हसू आवरलं नाही. फक्त श्रीनिवास हसला नाही. तो भिंतीशी वाकला होता. "आतला पाइप गळतोय," तो म्हणाला. "बाथरूमची बाजू फोडावी लागेल. मग भिंत वाळायला हवी, मग प्लास्टर. महिना तरी जाईल. तुम्ही सही करून टाका, मी करून देतो ना नंतर."

नंतर! हा शब्द सगळ्यांनी ऐकला. पण इम्तियाज निवृत्त झालेला, क्वार्टर या महिनाअखेर रिकामं करायचं. त्यानं वडिलांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "सामान कुठं ठेवायचं?" तो हळूच म्हणाला. "रस्त्यावर? करून देतो म्हणतोय तर..."

"कर गं सही," दादामियाँ म्हणाले. ते खिडकीच्या कट्ट्याला टेकून बसले होते, हातोडी मांडीवर. "माझं काय एवढं? जन्मभर खोकत आलोय. अजून एक हिवाळा खोकेन. एवढं घर मिळालं, एवढी हवा मिळाली. एका भिंतीसाठी अडू नका." आणि नेमकी त्यांना तेव्हाच ढास लागली. रिकाम्या खोलीत ती चारही भिंतींवरून परत आली.

मुमताजनं ती ऐकली. कपाटापलीकडून, पडद्यापलीकडून ती रात्ररात्र हेच ऐकत आली होती. पण तिथल्या ओलीवर इलाज नव्हता. भिंत फॅक्टरीची, ओल फॅक्टरीची, आपण नुसते राहणारे. इथं तिनं त्या डागाकडे बघितलं, आणि अंगावर सर्रकन काटा आला. ही ओलसुद्धा आपली आहे. झाकायची की दाखवायची, हे ठरवणारं दुसरं कुणी नाही. या खोलीत साहेब आहे तो म्हणजे आपण. हे तिला इतकं मोठं वाटलं की थोडी भीतीच वाटली.

तिनं पेन श्रीनिवासच्या हातात परत दिलं.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्या घराची भिंत ओली आहे. लिहा. ओट्याला चीर आहे, ते पण लिहा. चला, कुठं कुठं काय भरलंय ते मीच दाखवते. सगळं दुरुस्त झालं, भिंत वाळली, मी हात लावून बघितला, की मग सही."

श्रीनिवासनं कागद उचलला. या बाईच्या नजरेतून आता काही सुटणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. एवढ्या बारकाईनं हे घर दुसऱ्या कुणी पाहिलंच नव्हतं. तो तिच्या मागून निघाला. ती साबण काढून दाखवत गेली, तो लिहीत गेला आणि सलीमा मागून "आणि हे? अगं बाई, इथं पण?" करत राहिली. इम्तियाज आयुष्यात प्रथमच बायकोच्या मागं चालत होता आणि ते त्याला मुळीच वावगं वाटत नव्हतं.

"पण महिनाभर राहायचं कुठं?" परत छोट्या खोलीत आल्यावर तो म्हणाला.

"कुठं म्हणजे?" बेगमआपा फणकारल्या. "नाना पेठेत काय वाघ राहतात? दोन खोल्या आहेत. एका खोलीत मी नि दुल्हन नि पोरगी, दुसरीत तुम्ही बापलेक. ती खोली कोरडी ठणठणीत आहे, अब्बांचा दमा उठायचा नाही." मग मुमताजकडे बघून म्हणाल्या, "स्वयंपाक मात्र मी करणार. जळकं मला चालत नाही."

"करा की," मुमताज म्हणाली. "आम्हालाही कळेल आपांचा खुर्मा कसा असतो ते."

दादामियाँ मुकाट्यानं घड्याळ चादरीत गुंडाळत होते. इतकी वर्षं थांबलं, अजून महिनाभर. त्यांनी कोपऱ्यांची गाठ मारायला घेतली, तेव्हा मुमताज त्यांच्यासमोर बसली आणि तिनं ती गाठ सोडली.

"हातोडी द्या अब्बा."

"आता? भिंत तर..."

"हॉलची कोरडी आहे. मी काल प्रत्येक भिंतीला हात लावलाय."

हॉलमध्ये श्रीनिवास कागद गोळा करत होता. ती हातोडी घेऊन आली तसा तो गडबडला. "अहो बाई, सही नाही, पझेशन नाही. भिंतीला खिळा कसा ठोकता?"

"सही भिंत वाळल्यावर," मुमताज म्हणाली. "खिळा आज."

पहिला घाव तिनं इतका हळू घातला की खिळा गळून पडला. सलीमा पुढं झाली, तर आपांनी तिला मागं ओढलं. मुमताजनं खिळा पुन्हा टेकवला, ओठ घट्ट मिटले आणि ठोकला. ठक्! आवाज सगळ्या घरात फिरला. पुन्हा ठोकला. नव्या रंगाचे पोपडे आणि भुगा खाली पडला, तशी ती चटकन वाकून पदरानं पुसायला लागली.

"राहू दे गं," आपा म्हणाल्या. "तुझ्याच घरात पडलाय."

मुमताज उभी राहिली. तिनं भुगा तसाच राहू दिला.

इम्तियाजनं घड्याळ टांगलं. दादामियाँनी खिशातून चावी काढली. इतकी वर्षं ती पाकिटात, इम्तियाजच्या आईच्या फोटोमागं होती. चावी देताना त्यांचा अंगठा घसरत होता, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मग काचेचं दार उघडून बोटानं लंबक ढकलला. लंबक गेला, आला, गेला. आता थांबेल असं सगळ्यांना वाटलं, पण तो थांबला नाही. टिक टिक चालू राहिली. दादामियाँ तोंडाजवळ हात धरून बघत होते. खोकला आत्ता येऊ नये म्हणून असेल.

"चालतंय," ते म्हणाले. "अगं, हे चालतंय!"

निघायची वेळ झाली तेव्हा इम्तियाज घड्याळ काढायला गेला. मुमताजनं त्याला अडवलं. "राहू द्या इथंच. घरात कुणीतरी असावं."

"अगं, पण आठवड्यानं चावी संपेल त्याची."

"मग मी येईन ना दर आठवड्याला," मुमताज पायात चपला सरकवत म्हणाली. "चावी देईन आणि भिंतीला हात लावून जाईन."